सहीचं पुढं काय होतं?

 

आज आम्ही सहीबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या रजिस्टरवरची किंवा बँकेच्या फॉर्मवरची सही नव्हे. रस्ता करा, पाणी द्या, दारूचं दुकान बंद करा, असं निवेदन लिहून आपण घरोघर फिरतो आणि "ताई, इथं सही करा हो" म्हणतो, त्या सहीबद्दल. कार्यक्रमासाठी आम्ही ज्या ज्या गावात जातो, तिथं एक प्रश्न हमखास निघतो. "उन्हातान्हात फिरून एवढ्या सह्या गोळा केल्या, त्याचं पुढं काय झालं? कागद कुठं पडलाय कुणास ठाऊक." कुणी तर सरळ म्हणतं, "आता सही मागायला येऊ नका."

या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस विचार करत होतो. तेव्हा एका इतिहासकाराचं काम आमच्या वाचनात आलं. त्यांचं नाव हेन्री मिलर. ते ब्रिटनचे, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत विलायतेचे. इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. मिलर वेगळ्या गोष्टींचा अभ्यास करतात. साधी माणसं राजकारणात कशी भाग घेत होती? सभेला जात होती का? पुढाऱ्यांची चित्रं घरात लावत होती का? मागणी मांडायची तर कशी मांडत होती? याला अभ्यासक राजकीय संस्कृती म्हणतात. पुढाऱ्यांची चित्रं आणि व्यंगचित्रं यांवर त्यांनी आधी एक पुस्तक लिहिलं. २०२३ मध्ये त्यांचं दुसरं पुस्तक आलं, ते सगळं अर्ज आणि सह्या यांच्यावर. १७८० ते १९१८ या काळात ब्रिटनच्या लोकांनी पार्लमेंटकडे किती अर्ज केले, कुणी केले, कशासाठी केले, याचा तो शोध आहे. त्यांच्याबरोबर रिचर्ड हझी या दुसऱ्या इतिहासकारांनीही या कामात भाग घेतला.

अर्ज किती होते म्हणता? जवळजवळ दहा लाख. १८४३ या एका वर्षातच तीस हजारांहून जास्त अर्ज पार्लमेंटकडे आले. आणि एका अर्जावर कधी पाच सह्या, कधी पाच हजार, तर कधी लाखो.

आता तुम्ही विचाराल, तेव्हाचे कागद आज सापडले कसे? तर कागद सापडलेलेच नाहीत. १८३४ मध्ये पार्लमेंटच्या इमारतीला मोठी आग लागली आणि त्यात खालच्या सभागृहाचं जुनं दप्तर जळून गेलं. नंतरचे अर्जही फारसे जपून ठेवले गेले नाहीत. पण १८३३ पासून पार्लमेंटनं एक समिती नेमली होती. आलेला प्रत्येक अर्ज ही समिती नोंदवायची. कुठल्या गावाहून आला, कशाबद्दल आहे, सह्या किती. या नोंदी छापल्या जायच्या आणि त्या छापील नोंदी टिकल्या. आपल्याकडे कचेरीत आवक नोंदवही असते, तसंच समजा. मूळ कागद गेले, पण आवक नोंद राहिली, म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनी कळतं की अमुक गावच्या लोकांनी तमुक मागणी केली होती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, शेवटी आम्ही तिच्याकडे परत येऊ.

त्या काळी ब्रिटनमध्ये मत कुणाला होतं? १८३२ मध्ये कायदा सुधारला, तरी इंग्लंडमध्ये पाच पुरुषांमागं साधारण एकालाच मत मिळालं. बायकांना तर नाहीच. त्याच कायद्यात मतदार म्हणजे पुरुष, असं स्पष्ट लिहिलं गेलं. बायकांना मत मिळालं ते १९१८ मध्ये, तेही तीस वर्षांवरच्या आणि घरदाराची अट पुरी करणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ उजाडलं.

पण अर्ज करायला मताची अट नव्हती. मजूर, मोलकरीण, शिंपीण, विधवा, कुणीही अर्जावर सही करू शकत होतं. लिहिता येत नसेल तर खूण चालायची. आपल्याकडे अंगठा, तशी तिकडं फुली. नियम मात्र कडक होते. अर्ज हातानं लिहिलेला पाहिजे, छापलेला चालणार नाही. ज्याची सही त्यानंच करायची, दुसऱ्याच्या नावानं करायची नाही. मागणी लिहिलेल्या कागदावरच निदान काही सह्या पाहिजेत, नुसते सह्यांचे सुटे कागद जोडून भागणार नाही. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना झाली की बाहेर टेबल मांडून कागद ठेवायचे. दुकानात ठेवायचे. नाहीतर वही घेऊन गल्लीगल्लीत फिरायचं. मग सगळे कागद एकाखाली एक चिकटवून त्यांची मोठी गुंडाळी करायची आणि आपल्या खासदाराकडे पोचवायची.

या फिरण्यात बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. त्यातलं एक मोठं काम गुलामगिरीविरुद्धचं.

वेस्ट इंडीजच्या बेटांवर इंग्रज मळेवाल्यांचे उसाचे मळे होते. आफ्रिकेतून पकडून नेलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं तिथं गुलाम म्हणून राबत होती. ती साखर इंग्लंडच्या घराघरात चहात पडायची. १८२५ मध्ये बर्मिंगहॅम भागातल्या बायकांनी गुलामगिरीविरुद्ध स्वतःचा गट काढला. ल्युसी टाउनसेंड या त्यात पुढं होत्या. मग गावोगाव असे गट निघाले. या बायका दारोदार जायच्या आणि सांगायच्या, गुलामांच्या कष्टाची साखर घेऊ नका. मत नसलं तरी स्वयंपाकघर आपल्या हातात आहे, ही त्यांची जाण होती.

१८३३ मध्ये या गटांनी देशभर सह्या गोळा केल्या. फक्त बायकांच्या. किती झाल्या? १ लाख ८७ हजारांहून जास्त. तेव्हा आगगाडीचं जाळं नव्हतं आणि फोनही नव्हता. सगळे कागद लंडनमध्ये आणून एकत्र जोडले, तेव्हा ती गुंडाळी एवढी जड झाली की सभागृहात न्यायला चार खासदार लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला.

पण एवढंच सांगून थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. कायदा केवळ अर्जांमुळं झाला नाही. १८३१ च्या नाताळात जमैका बेटावर हजारो गुलामांनी सॅम शार्प यांच्या पुढाकारानं उठाव केला. त्यात कितीतरी जणांना फाशी झाली. त्या उठावानं राज्यकर्ते हादरले होते. आणि कायदा झाला तरी भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना, दोन कोटी पौंड. ज्यांनी आयुष्यभर राबून हाडं झिजवली त्यांना एक पैसा मिळाला नाही, उलट आणखी काही वर्षं उमेदवारीच्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावं लागलं. बायकांनी त्याविरुद्ध पुन्हा सह्या गोळा केल्या आणि १८३८ मध्ये ती पद्धतही बंद झाली. म्हणजे कागद एकदा दिला आणि काम झालं, असं तिथंही नव्हतं.

आता दुसरी गोष्ट, सपशेल हरलेल्या अर्जांची. चार्टिस्ट नावाची कामगारांची चळवळ होती. प्रत्येक पुरुषाला मत द्या, मतदान गुप्त ठेवा, गरीब माणूसही खासदार होऊ शकेल अशी सोय करा, अशा सहा मागण्या होत्या. १८४२ मध्ये त्यांच्या अर्जावर ३३ लाखांहून जास्त सह्या होत्या. गुंडाळी इतकी मोठी की पार्लमेंटच्या दारातून आत जाईना. शेवटी तुकडे करून आत न्यावी लागली. पुढं काय झालं? अर्जदारांचं म्हणणं ऐकून घ्यायचं का, यावर मतदान झालं. बाजूनं ४९, विरुद्ध २८७. ऐकूनही घेतलं नाही.

१८४८ मध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला. पुढारी म्हणाले, ५७ लाख सह्या आहेत. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या आणि सांगितलं, १९ लाख ७५ हजार. शिवाय त्यात राणी व्हिक्टोरियाचं नाव, सेनापतीचं नाव, एका विनोदी मासिकाच्या पात्राचंही नाव निघालं. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. तेरा कारकुनांनी सतरा तासांत लाखो सह्या कशा मोजल्या, हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. वीस लाखांच्या आसपास खरी माणसं होती, त्यांची मागणी बाजूला राहिली आणि चर्चा खोट्या नावांचीच झाली.

या अर्जावर बायकांच्याही सह्या होत्या. समितीनंच सांगितलं की दर लाख सह्यांत सुमारे ८,२०० बायकांच्या आहेत. मैत्रिणींनो, मागणी होती पुरुषांच्या मताची. त्यासाठी बायकांनी सह्या केल्या. आणि काही खासदारांना त्याचंही हसू आलं.

मग लोक हरलेल्या अर्जांवर सह्या करत का राहिले? हाच तर मिलर यांच्या अभ्यासातला मोठा प्रश्न आहे. आलेल्या अर्जावर सभागृहात लगेच चर्चा करायची नाही, असाही नियम पार्लमेंटनं त्या काळात केला. तरी अर्ज कमी झाले नाहीत, वाढले.

त्यांच्या कामातून आम्हाला जे समजलं ते असं. अर्ज हा फक्त वर पाठवायचा कागद नव्हता. तो तयार करताना खाली जे घडायचं, तेही तितकंच महत्त्वाचं होतं. सही मागायला दार वाजवावं लागतं. दार वाजवलं की बोलावं लागतं. का सही करू, म्हणून समोरची विचारते, तर तिला समजावून सांगावं लागतं. ती नाही म्हणाली तर का नाही, हे कळतं. आपल्या गल्लीत आपल्या विचाराची किती माणसं आहेत हे मोजता येतं. कुणाचं अक्षर चांगलं, कुणाचा आवाज मोठा, कोण हिशेब नीट ठेवते, हेही कळतं. अर्ज नाकारला गेला तरी ही ओळखपाळख आणि गाठ कुणी नाकारू शकत नाही. पुढच्या वेळी तीच माणसं पुन्हा जमतात. चार्टिस्ट हरले, पण त्यांच्या सहापैकी पाच मागण्या पुढच्या काळात एकेक करून मान्य झाल्या. गुप्त मतदान १८७२ मध्ये आलं. ती पद्धत पुढं आपल्याकडेही आली.

अर्थात सगळेच अर्ज चांगल्या कामाचे नव्हते. गुलामगिरी राहू द्या म्हणून मळेवाल्यांचेही अर्ज होते. दुसऱ्या पंथाच्या लोकांना हक्क देऊ नका म्हणूनही हजारो अर्ज आले. बायकांना मत नको, असं म्हणणाऱ्या बायकांनीही सह्या गोळा केल्या. सही हे हत्यार आहे, ते कुणाच्याही हातात जाऊ शकतं. म्हणून वाचल्याशिवाय सही करायची नाही, कुणी नेला तरी.

आता बायकांच्या मताची गोष्ट. १८६६ मध्ये काही बायकांनी मताच्या हक्कासाठी अर्ज तयार केला. सह्या जेमतेम दीड हजार, नेमक्या १,४९९. एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट या दोघी ती गुंडाळी घेऊन पार्लमेंटच्या जुन्या दालनात गेल्या. त्यांच्या बाजूचे खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांना ती द्यायची होती. गर्दीत एवढी गुंडाळी घेऊन उभं राहायचा त्यांना संकोच वाटला. तिथं एक सफरचंद विकणारी बाई बसली होती. तिच्या टोपल्यांखाली त्यांनी ती ठेवायला दिली. कशाचा कागद आहे, असं तिनं विचारलं. समजल्यावर ती म्हणे अडून बसली, मग माझीही सही घ्या. गुंडाळी पुन्हा उलगडावी लागली. ही गोष्ट पुढं त्या चळवळीत कायम सांगितली जायची.

दुसऱ्या वर्षी मिल यांनी सभागृहात प्रस्ताव मांडला. बाजूनं ७३, विरुद्ध १९६. हरले. पण तेव्हापासून मताच्या मागणीचे अर्ज थांबले नाहीत. पुढं पन्नास वर्षं सह्या गोळा होत राहिल्या. १९०९ मध्ये एमेलिन पँखर्स्ट आणि त्यांच्या साथीदार बायका स्वतः अर्ज घेऊन पंतप्रधानांना भेटायला पार्लमेंटच्या दाराशी गेल्या. त्यांचं म्हणणं होतं, १६८९ च्या कायद्यानं प्रत्येकाला अर्ज करायचा हक्क दिलाय, तो आम्ही बजावतोय. त्यांना अटक झाली. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा शिष्टमंडळ गेलं, तेव्हा पोलिसांनी बायकांना फार वाईट मारहाण केली. त्या दिवशी पुढच्या रांगेत एक भारतीय वंशाची बाई होती. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांची नात, सोफिया दुलीपसिंग.

१८६६ च्या त्या दीड हजार जणींपैकी फार थोड्या १९१८ साल पाहायला जिवंत होत्या. एमिली डेव्हिस होत्या. ८८ वर्षांच्या होत्या, आणि त्यांनी जाऊन मत दिलं.

याच काळात आपल्या मुलखाचा माणूसही लंडनमध्ये अर्ज घेऊन फिरत होता, हे तुम्हाला माहीत आहे का? सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारनं १८३९ मध्ये गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले. कंपनीच्या मालकांपुढं, पार्लमेंटपुढं, वर्तमानपत्रांतून, सभांतून त्यांनी जवळजवळ चौदा वर्षं दाद मागितली. तिकडं त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांत जॉर्ज थॉम्प्सन होते. गुलामगिरीविरुद्ध गावोगाव भाषणं करणारे तेच. म्हणजे त्या बायकांच्या सह्यांची चळवळ आणि आपल्या सातारची फिर्याद एकाच माणसानं उचलून धरली होती. न्याय मात्र मिळाला नाही. १८४८ मध्ये कंपनीनं सातारा खालसा केलं. रंगो बापूजी हात हलवत परत आले. १८५७ मध्ये त्यांच्या मुलाला फाशी झाली आणि ते स्वतः बेपत्ता झाले. आपल्याच देशाच्या लोकांचे अर्ज मोजून घेणारं पार्लमेंट परक्या मुलखातल्या माणसाला कसं वागवत होतं, हेही यातून दिसतं.

आता दारूचं. ब्रिटनमध्ये दारूबंदीच्या मागणीचे अर्ज खूप होते, आणि त्यात बायका आघाडीवर होत्या. गावातलं दुकान ठेवायचं की नाही हे गावानं ठरवावं, ही त्यांची मागणी. कित्येक वर्षं ती फेटाळली गेली. शेवटी १९१३ मध्ये स्कॉटलंडपुरता कायदा झाला. ठराविक मतदारांनी सह्या करून मागणी केली की गावात मतदान घ्यायचं. विक नावाच्या बंदरगावानं असं मतदान करून दुकानं बंद केली, ती १९४७ पर्यंत बंद राहिली.

ऐकताना ओळखीचं वाटलं ना? आपल्या महाराष्ट्रात आडवी बाटली, उभी बाटली म्हणतात ते याच जातीचं. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं तर मतदान घेता येतं. आणि सह्यांची पडताळणी होते, नाव खरं आहे का, मतदार यादीत आहे का, सही तिचीच आहे का. इथं १८४८ ची गोष्ट आठवा. दहा खोट्या सह्या शंभर खऱ्या सह्यांचं तोंड बंद करतात.

म्हणून पुढच्या वेळी निवेदन कराल तेव्हा चार गोष्टी पाळा. एक, मागणी प्रत्येक पानावर वर लिहा. सह्यांचं सुटं पान कुणीही दुसऱ्याच कागदाला जोडू शकतं. दोन, जिची सही तिनंच करायची. सासूच्या नावानं सुनेनं नाही, जावेच्या नावानं जावेनं नाही. लिहिता येत नसेल तर अंगठा घ्या आणि शेजारी नाव लिहा. तीन, कागद देताना पोच घ्या. शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. चार, एक प्रत गटाच्या फाइलीत ठेवा. त्या लोकांचे मूळ अर्ज गेले आणि नोंदी राहिल्या, म्हणून आज त्यांचं नाव आपल्यापर्यंत आलं. आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे.

आणि "पुढं काय झालं" असं विचारणाऱ्या ताईला आम्ही काय सांगू? कागद कुठं अडलाय याचा पाठपुरावा करायचाच, तो आपला हक्क आहे. पण सह्या घेताना कुठल्या वाडीवरच्या किती जणी उभ्या राहिल्या, हेही त्याच कागदावर लिहिलेलं आहे. तो जपून ठेवा. पुढच्या कामाला तिथूनच सुरुवात करता येईल.

यंदाच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गटानं आजवर किती निवेदनं दिली, कुणाला दिली, पोच आहे का, उत्तर आलं का, याची एक यादी काढा. ज्येष्ठ बायांना विचारा, त्यांच्या वेळी कशासाठी सह्या केल्या होत्या. जे निघेल ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. तोवर नमस्कार.